सूची, पृष्ठ सतरा

“हे तुम्हीच लिहिलंय का?” दारातल्या बाईनं विचारलं.

माझ्या तोंडात चार टाचण्या होत्या आणि कदमवहिनींचा दंड माझ्या टेपात अडकला होता, त्यामुळे मी नुसतं वर बघितलं. तिशीतली, किडकिडीत, खांद्याला कापडी पिशवी. हातात छापील कागद, घड्या घालून घालून मऊ पडलेला.

“ब्लाउज बिघडवला का हिनं?” कदमवहिनी म्हणाल्या. “ये, रांगेत ये. माझ्यानंतर तू.”

तिनं कागद माझ्यासमोर धरला. लांबूनच ओळखला मी. ज्ञानकोशातला माझा लेख होता तो. संगणकावरचा मुक्त ज्ञानकोश, ज्यात कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं. ‘कुंभेरीची इजिप्शियन पाटी.’ दोन वर्षं मी त्या लेखावर घातली होती. आठवड्यापूर्वीच त्याला वर्षातला उत्तम लेख म्हणून पुरस्कार जाहीर झाला होता आणि जिल्ह्याच्या पेपरात माझा फोटो आला होता. ‘कराडच्या शिवणकाम करणाऱ्या ताई वाचतात फॅरोंची भाषा.’ फोटोसाठी माझ्या हातात कात्री दिली होती, वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून.

मी टाचण्या उशीला टोचल्या. “मीच. का हो?”

“मी कुंभेरीहून आले.”

“अगंबाई! तीन तास बसमध्ये? बसा की. पाणी देते.”

ती बसली नाही. “यात दगडावरच्या नऊ ओळी दिल्यात. हे सगळं दगडावर होतं?”

“अक्षर न अक्षर.”

“हे खालचं डावीकडचंसुद्धा? शेवटच्या तीन ओळींची टोकं?”

मला बरं वाटलं. ही लिपी उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून ओळीचं टोक डाव्या हाताला येतं. एवढं नीट वाचून आलेलं माणूस माझ्या दुकानात आजवर आलं नव्हतं.

“होतं म्हणजे काय! तिथं बारीक आकडा दिसतोय ना? तो संदर्भ. खाली बघा. ‘नरहर आपटीकर, कुंभेरी संस्थान वस्तुसंग्रह सूची, १९३८, पृष्ठ १७.’ मनानं मी एक टिंब टाकत नाही.”

“नक्की?”

“कोर्टात सांगेन.”

“हिच्या नादी लागू नकोस बाई,” कदमवहिनी म्हणाल्या. “कोर्टातसुद्धा ही उजवीकडून डावीकडं सांगंल.”

मी हसले, वहिनी हसल्या. ती हसली नाही. कागदाची घडी घालून तिनं पिशवीत ठेवला आणि पायरी उतरली. मग मागं वळून म्हणाली, “मी अलका. विश्राम भोईंची मुलगी. आबांनी सांगितलं होतं, कराडच्या त्या बाईला विचार, तिला सगळं ठाऊक आहे. म्हणून आले.”

“विश्राममामा? कसे आहेत ते?”

“सस्पेंड आहेत. दगडाचा कोपरा त्यांनी फोडून विकला म्हणतात. आबा म्हणतात, तो पहिल्यापासूनच नव्हता.” तिनं पदर खांद्यावर ओढला. “बरं झालं विचारलं ते.”

मी चपला शोधेपर्यंत ती समोरच्या वडापात बसली होती. जीपमागची धूळ तेवढी दिसली.

विश्राम भोई कुंभेरीच्या वस्तुसंग्रहालयाचे शिपाई. राजेसाहेबांनी १९११ साली कैरोतून आणलेली ती दगडी पाटी तिथलीच. राजघराण्यातल्या भावाभावांच्या दाव्यात ती खोली वर्षानुवर्षं कोर्टाच्या सीलखाली होती, म्हणून मी गेले तेव्हा मला दगड बघायला मिळाला नाही. मिळाली ती आपटीकर मास्तरांची छापील सूची. तिची एकच प्रत उरली होती, आणि झेरॉक्सला परवानगी नव्हती. “हातानं लिवून घ्या की,” मामा म्हणाले आणि त्यांनी स्वतःचं स्टूल मला दिलं. दोन दिवस मी पृष्ठ सतरा उतरवत बसले आणि मामा दोन्ही दिवस माझ्या मागं उभे राहून बघत होते.

मी दहावी झालेली. पंचवीस वर्षांपूर्वी शाळेच्या नाटकासाठी राणीचा पोशाख शिवायला आला आणि त्यावर भरायला चित्रं दिली होती. ह्यांचा अर्थ काय, असं मी बाईंना विचारलं. “नक्षी आहे,” त्या म्हणाल्या. नक्षीत तेच घुबड तिसऱ्यांदा कशाला येईल? तिथून सुरू झालं ते. इंग्रजी शब्दकोश, मग व्याकरणाचं पुस्तक, मग संगणक. मशीनवर पाय आणि मांडीवर पुस्तक. लोकांना वाटतं मोठं काही आहे. मोठं नाही. धीर लागतो, आणि जे दिसत नाही ते दिसलं असं म्हणायचं नाही, एवढं एकच लागतं.

त्या दिवशी दुकान बंद करून मी पेटीतली वही काढली. मामांना धीर द्यावा, वहीत पुन्हा एकदा बघून त्यांना कळवावं, असा विचार होता. खरं सांगायचं तर त्यांची चूक कुठं होते आहे ते शोधायला मी वही उघडली होती.

शेवटच्या तीन ओळींच्या टोकांना चौकोनी कंस होते. माझ्याच हस्ताक्षरात. निळ्या शाईनं, पट्टी लावून.

चौकोनी कंस म्हणजे हे दगडावर नाही. हे झिजलंय किंवा तुटलंय, आणि उतरवणाऱ्यानं सवयीनं, अंदाजानं भरलंय. जगभर हीच रीत आहे. आपटीकर मास्तरांना ती ठाऊक होती आणि त्यांनी ती पाळली होती. अशा पाट्यांवरचा मजकूर ठरावीक असतो. हजार भाकऱ्या, हजार सुरया बिअर, अमक्याच्या आत्म्यासाठी. त्यामुळे तुटका कोपरा कुठल्याही जाणत्याला भरता येतो.

मग लेखातले कंस कुठं गेले? तेही आठवलं. लेख पुरस्काराच्या यादीत होता तेव्हा एका परीक्षकानं लेखाला जोडलेल्या चर्चापानावर लिहिलं होतं, ‘कंसांमुळे सामान्य वाचक अडखळतो. कंस काढून खाली तळटीप द्यावी.’ यातलं पहिलं मी केलं. तळटीप उद्या टाकू म्हटलं. उद्या लग्नसराई लागली. आणि एकदा खाली संदर्भाचा आकडा बसला की तो बघून माणूस स्वतःचंही लिहिणं पुन्हा तपासत नाही. संदर्भ खरा होता, पृष्ठ खरं होतं. फक्त तिथं जे नव्हतं ते मी आहे म्हणून लिहिलं होतं.

हे गुरुवारी. रविवारी पुण्यात पुरस्काराचा कार्यक्रम होता.

शुक्रवारी सकाळी पहिल्या बसनं कुंभेरीला जाता आलं असतं. मी स्टँडवर फोन करून वेळसुद्धा विचारली, सहा चाळीस. मग मी ज्ञानकोशाचं पान उघडलं, कंस परत घातले, आणि ‘जतन करा’ या बटणावर बोट नेऊन थांबले. पुरस्काराच्या दोन दिवस आधी पान बदललं की कुणीतरी विचारणार, हे काय? मग अख्खा लेखच संशयात. रविवार होऊ दे, म्हटलं. चौकशा वर्षानुवर्षं चालतात. तीन दिवसांनी काय बिघडतं?

पुण्यात शाल मिळाली. प्रास्ताविकात कुणी तरी म्हणालं, की ताईंच्या लेखात एकही विधान संदर्भाशिवाय नाही. टाळ्या झाल्या. मी खाली मान घालून उभी राहिले, आणि सगळ्यांना तो विनय वाटला.

सोमवारी दुपारी मी कुंभेरीत पोचले. मामा घराच्या ओट्यावर मासळीचं जाळं विणत बसले होते. अलका अंगणवाडीत गेली होती. मी वही पुढं धरली आणि घडाघडा सगळं सांगितलं, कंस, परीक्षक, तळटीप. त्यांनी मध्ये थांबवलं नाही. हातातली गाठ पुरी केली.

“मी सायबाला सांगितलं व्हतं,” ते म्हणाले. “म्हटलं, त्या पुस्तकात चौकोनी खुणा हायत. त्या बाईनं उतरवताना मीच विचारलं व्हतं, ह्ये काय? ती म्हणाली, ह्ये दगडावर न्हाई, मास्तरांनी मनानं भरलंय. पण पुस्तक दाखवू कुठलं? कोर्टाचं सील निघालं, नव्या इमारतीत सामान नेताना पेटी भिजली, पुस्तकाचा लगदा झाला. सायबानं तुमचं पान काढून दाखवलं. म्हणाला, शिकलेल्या लोकांनी लिवलंय, दाखव कुठं खुणा हायत.”

“मी आत्ता जाते साहेबांकडे. ही वही दाखवते.”

“सही झाली.”

“कसली?”

“माझ्या हातनं पडून कोपरा फुटला, तुकडं भीतीनं टाकून दिलं. शुक्रवारी लिवून दिलं.” त्यांनी सुईत नवा दोरा भरला. “अलका गुरुवारी घरी आली, जेवली न्हाई. म्हणाली, आबा, ती बाई कोर्टात सांगीन म्हणाली. आता तरी खरं बोला. मी म्हटलं, खरंच बोलतोय. तर म्हणाली, चोरी नका कबूल करू, फुटला म्हणा, साहेब पोलिसात देणार न्हाईत, पेन्शन राहील. माझा हात धरून रडली. लहानपणी ताप आला तरी न रडलेली पोरगी. मग केली सही.”

शुक्रवारी. सहा चाळीसच्या बसनं मी साडेनऊला पोचले असते.

“किती वाजता केली?” मी विचारलं. का विचारलं, कुणास ठाऊक.

“चार वाजता. का?”

“काही नाही.”

आत गेले ते, तांब्या घेऊन आले. मी पाणी प्यायले. ते माझ्याकडं बघत होते, रागानं नाही, एखादं जाळं कुठं उसवलंय ते बघतात तसं.

“त्या कोपऱ्यात मास्तरांनी काय भरलं व्हतं?”

“मेलेल्या माणसाच्या नावापुढं लावायचे ते शब्द. ‘खऱ्या वाचेचा’. म्हणजे वरच्या न्यायसभेत खरा ठरलेला. सगळ्यांच्याच नावापुढं लावतात.”

“आणि मेला कोण व्हता त्यो?”

“दालनाचा रखवालदार होता.”

“आयला!” ते हसले, मनापासून. “शिपाईच की.”

मला रडू आलं. त्यांनी ते पुरतं येऊ दिलं, मग म्हणाले, “ताई, एक काम करा. वही घरी न्या.”

“म्हणजे?”

“सायबाला दाखवू नगा. त्या पानावर बी काय बदलू नगा.”

“अहो मामा, मग तुमच्यावरचा डाग…”

“आठ म्हैनं राहिलं नोकरीचं. डाग किती दिवस बघणार मी? तुम्ही ऐका. आज माझ्या पोरीला काय वाटतंय? बाप चुकला, आणि तिनं त्याला वाचवला. आज सकाळी भाकरी वाढताना म्हणाली, आबा, चूक माणसाकडनंच व्हती. तुम्ही वही दाखवली की काय व्हईल? बाप खरा व्हता, आणि तिनंच त्याला खोटं लिवायला लावलं. त्ये घेऊन ती जगायची कशी? आई न्हाई तिला.”

“पण हे खरं नाही, मामा.”

“खरं मला ठाऊक हाय, तुम्हाला ठाऊक हाय. बास की दोघं.”

मी शब्द दिला. त्यांच्या मायेसाठी दिला, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. शाल अजून घडी न मोडता पिशवीत होती, आणि त्यांच्या त्या एका मागण्यानं ती तशीच राहणार होती, हे मला ओट्यावर बसल्या बसल्या कळलं होतं. दोन्ही खरं आहे. कुठलं किती, ते मला उतरवता येत नाही.

निघताना अलका समोरून आली. मला बघून थबकली. मामांनीच सांगितलं, “सहज आल्या व्हत्या, इकडं कार्यक्रम व्हता.” तिनं मला वाकून नमस्कार केला. म्हणाली, “तुम्ही खरं सांगितलंत म्हणून सुटलो आम्ही.”

मामा त्यानंतर चार वर्षं जगले. कुंभेरीच्या बाजारात पोरं त्यांच्या मागं ‘कोपरा, कोपरा’ ओरडायची, असं मला नंतर कळलं. त्यांच्या तेराव्यालासुद्धा जाण्याचं धाडस मला झालं नाही. मी ज्ञानकोशात लिहीतच राहिले. इतरांच्या लेखांवर ‘संदर्भ हवा’ असा शिक्का मारायला माझ्याइतकं कडक कुणी नव्हतं. नवे लोक मला घाबरत. आणि ते एक पान मी अकरा वर्षं उघडलं नाही.

गेल्या वैशाखात मला सूचना आली, की त्या पानात बदल झाला आहे.

कैरोतल्या जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याच्या काचेवरच्या फोटोप्लेटा कुठल्याशा परदेशी ग्रंथालयानं संगणकावर चढवल्या होत्या. त्यातल्या एकीत आमची पाटी. साल १९१०, बोटीत चढण्याच्याही आधीचं. खालचा डावा कोपरा नाही. लेखातल्या शेवटच्या तीन ओळींची टोकं कुणीतरी काढली होती आणि तिथं चौकोनी कंस घातले होते. संदर्भ दिला होता, प्लेटेचा क्रमांक, ग्रंथालय, पाहिल्याची तारीख. माझ्यापेक्षा नीट.

बदल करणाऱ्याचं नाव होतं, विश्राम भोई.

मामांना जाऊन सात वर्षं झाली होती. मी चर्चापान उघडलं. तिथं खाली पूर्ण नाव होतं. ‘१९१० च्या फोटोत कोपरा तुटलेला दिसतो. मग १९३८ च्या सूचीत तो मजकूर कसा होता? ज्यांनी हा संदर्भ दिला त्यांनी सूची प्रत्यक्ष पाहिली होती का? कृपया उत्तर द्यावे. अलका विश्राम भोई, कुंभेरी.’

मी उत्तर दिलं नाही. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं, ‘आपटीकर हे हौशी शाळामास्तर होते. त्यांनी मजकूर रचलेला दिसतो. ही सूची अविश्वसनीय समजून सर्व लेखांतून वगळावी.’ त्याला आणखी दोघांनी दुजोरा दिला.

प्रत्येक कंस जागच्या जागी घालणारा तो माणूस. आता तोही खोटा ठरत होता, आणि त्याच्या बाजूनं बोलायला मी सोडून जगात कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी वहीच्या पानाचा फोटो काढून टाकला आणि खाली लिहिलं, ‘सूची मी पाहिली होती. आपटीकरांनी कंस दिले होते. ते मी काढले. चूक त्यांची नाही, विश्राम भोईंची नाही. माझी आहे. हेमलता बोराडे, कराड.’ आणि जतन केलं. अकरा वर्षं लागलेल्या कामाला अर्धा क्षण पुरला.

दहा मिनिटांत तिचं उत्तर आलं.

‘हे तुम्हाला कधी कळलं?’

‘तुम्ही दुकानात येऊन गेलात त्याच दिवशी.’

‘आबांना सांगितलंत?’

‘हो. सोमवारी.’

मी शिलाईला बसले, उठले, पुन्हा बसले. बॉबिन दोनदा अडकली. मग ओळ आली.

‘मग ते मला बोलले का नाहीत?’

त्या प्रश्नाखाली लिहायला जागा होती. कितीही लिहा. पण तिथं परीक्षक होते, दुजोरा देणारे होते, जगातलं कुणीही होतं. मी संगणक बंद केला, वही घेतली, दुकानाचं शटर ओढलं. कुणाचे तरी ब्लाउज संध्याकाळी द्यायचे होते. पुढची बस अकरा वाजता होती. मी दहालाच स्टँडवर जाऊन बसले.

कुंभेरीत तोच ओटा. जाळं नव्हतं. अलकानं दार उघडलं. केस कानाजवळ पांढरे झाले होते, चष्मा आला होता. बघताच ओळखलं तिनं मला. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

मी वही पुढं केली, पृष्ठ सतरा उतरवलेलं पान उघडून.

तिनं ती हातात घेतली नाही.

“वही नको,” ती म्हणाली. “आबा काय म्हणाले, ते तोंडानं सांगा.”